तिसरं चित्र

मार्च लागला की आमच्या इमारतीच्या जिन्यात पाठांतराचे आवाज घुमायला लागतात. वरच्या मजल्यावरची मुलगी यंदा बारावीला आहे. सकाळी ती गॅलरीत येरझाऱ्या घालत एकच वाक्य घोकत राहते. मध्येच अडते, पहिल्यापासून सुरू करते. मी खाली बसून मेथी निवडते आणि ऐकते. मला तिच्या परीक्षेची काळजी वाटत नाही. आयुष्यभर शिकवल्यावर परीक्षेची धास्ती अंगातून निघून जाते. काही मुलं पास होतात, काही होत नाहीत, आणि पुढे रस्त्यात भेटली तर दोघांतला फरक ओळखू येतोच असं नाही. पण परवा तिनं 'नॅचरल सिलेक्शन' असं मोठ्यानं म्हटलं आणि माझ्या नाकाला एकदम मोहफुलांचा वास आला. इथे नागपुरात, तिसऱ्या माळ्यावरच्या गॅलरीखाली, मोह कुठून यायचा?

लोकांना परीक्षा म्हटलं की शाई आठवते, कोरे कागद आठवतात. मला मोह आठवतो, आणि त्या वासाखाली दबलेला प्रयोगशाळेतल्या फॉर्मेलिनचा उग्र दर्प.

गाव लाखांदूरच्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच आहेत. ऐंशीनंतरची पहिलीदुसरी वर्षं असतील. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि बदली होऊन आम्ही त्या गावात आलो होतो. गावाच्या एका अंगाला मोठा तलाव, त्याची रुंद पाळ, पाळीवर चिंचा. बाकी तिन्ही अंगांना धानाच्या बांध्या. आम्ही गेलो तेव्हा धान कापून झालं होतं आणि त्याच बांध्यांमध्ये लाखोळी उभी होती, निळसर फुलं अंगावर घेऊन. मी शहरात वाढलेली. कापणी झालेल्या शेतात न नांगरता दुसरं पीक उभं राहतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. दुपारी करायला काही नसे. मी बी.एस्सी. होते, प्राणिशास्त्र घेऊन. गावच्या शाळेला अकरावी-बारावी विज्ञानाचे वर्ग जोडले गेले होते, त्याला काही वर्षंच झाली होती. जानेवारीत तिथून निरोप आला, जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हाताशी कोणी हवं आहे, तासांवर येता का? मी दुसऱ्याच दिवशी गेले.

जीवशास्त्राचे सर म्हणजे कापगते सर. पन्नाशीचे, सडपातळ, पांढरा सदरा, खिशाच्या कडेला कायम रंगीत खडूची पूड. त्यांचं घर शेतकऱ्याचं आणि शाळा सुटली की ते शेतावर दिसत. फळ्यावर चित्र काढावं तर त्यांनीच. हृदयाचे चार कप्पे ते बोलता बोलता काढत, निळा-लाल खडू फिरवत, आणि मुलं वहीत उतरवायचं विसरून पाहत बसत. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. सर आधी सगळं त्यांच्या बोलीत सांगत आणि मग इंग्रजी शब्द हातात ठेवत. अशा शिकवण्याला काय लागतं ते मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

फेब्रुवारी संपत आला. एका सकाळी सर परीक्षानळ्या धूत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, इव्होल्यूशनचा तेवढा एक चॅप्टर तुम्ही घेऊन टाका. रिव्हिजन म्हणून."

मी हो म्हटलं. पहिल्या तासाला उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की ज्याची उजळणी घ्यायची तो धडा वर्गात शिकवलाच गेलेला नव्हता. मुलांनी तो गाइडातून पाठ केला होता. जिराफाची मान, घोड्याचे खूर, वटवाघळाचा पंख, सगळं एका दमात म्हणून दाखवत होती, जसं लहान मुलं पाढे म्हणतात. अर्थ विचारला की एकमेकांकडे पाहत.

सकाळची शाळा सुरू झाली होती. मुलं येत तेव्हा ऊन कोवळं असे. मोह पडायला लागला होता. घरोघरची माणसं झुंजुमुंजू होताच टोपल्या घेऊन झाडांखाली जात, मुलंही जात, आणि तसाच वास घेऊन वर्गात येत. कोणाच्या बोटांना चिकटा, कोणाच्या केसात सुकलेलं पान. तास प्रयोगशाळेतच होत; बरण्यांमधला बेडूक आणि पांढरा पडलेला साप कपाटातून आमच्याकडे बघत असत. मी धानापासून सुरुवात केली. बियाण्यासाठी लोंब्या कोण निवडतं, कशा निवडतं? प्रकाश नावाचा एक मुलगा होता, खात्यापित्या शेतकऱ्याचा, हुशार आणि तोंडानं मोकळा. तो उभा राहून म्हणाला, "भरलेल्या लोंब्या घेते माझा बाप, मॅडम. बारीक सोडून देते." मग म्हटलं, हे शंभर पिढ्या केलं तर धान कसं होईल? मुलं विचार करायला लागली. मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "आता उत्क्रांती म्हणजे काय, आपल्या शब्दांत सांगा."

प्रकाशच पुन्हा उठला. "बंदरापासून माणूस झाला, मॅडम. आधी बंदर, मंग वनमानुष, मंग तिसरा..."

'तिसरा' म्हणताच वर्ग फुटला. बाकांवर हात आपटून मुलं हसली. मुलीही ओढणी तोंडाला लावून हसल्या. प्रकाशनं जीभ चावली, पण त्याचेही डोळे हसत होते. खिडकीजवळ छाया नावाची मुलगी बसत असे. किडकिडीत, वहीला खाकी कागदाचं कव्हर, कधी कोणाशी भांडण नाही, कधी आपणहून बोलणं नाही. ती तेवढी हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. मी गप्प करायला टेबल वाजवलं. कशाला हसले हे मला समजलं नव्हतं आणि विचारायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी छाया आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. परीक्षा तोंडावर आलेली. मी प्रकाशला थांबवून घेतलं.

"काही नाही, मॅडम," तो बाकावर नखानं रेघा ओढत म्हणाला. "तुमच्याकडं मासे आनते ना तो, तिसऱ्या, तो तिचा भाऊ होय."

तिसऱ्याला मी ओळखत होते. म्हणजे चेहरा आणि ते नाव, एवढंच. हे मासळीचे शौकीन. आठवड्यातून एकदा तरी सायकलवर टोपली बांधून तो येई, ओसरीखाली उभा राही, मागूर किंवा मरळ देऊन जाई. बोलणं जेवढ्यास तेवढं. एकदा मी यांना विचारलं होतं, हे कसलं नाव? हे म्हणाले होते, तिसरा मुलगा असेल, दुसरं काय.

"पण त्याला तिसऱ्या का म्हणता?"

"सारेच म्हनतात, मॅडम."

"का पण?"

प्रकाशनं खाली बघितलं. "चित्रातला तिसरा म्हनून. मी लहान होतो तवा. मले बी नंतरच समजलं."

त्या संध्याकाळी मी तलावाकडे गेले. पाळीच्या उतारावर मासेमारी करणाऱ्यांची घरं होती, मातीची, सारवलेली, दारापुढे बांबूवर जाळी वाळत घातलेली. ओला धागा, शेवाळ, चुलीचा धूर असा एक वास तिथे सतत असे. छायाचा भाऊ अंगणात जाळं सांधत बसला होता. पायाच्या अंगठ्यात धागा अडकवून तो गाठी मारत होता. मला बघून उठला. त्याच्या आईनं पोतं अंथरलं, पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. छाया दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं.

"हिरामण."

"छायाला का पाठवत नाही?"

त्यानं एक गाठ पुरी केली. "तुमी तो बंदराचा धडा शिकवून राहिल्या म्हने."

"हो."

"मी बी शिकलो होतो तो. अर्धा." तो हसला, पण तसं मोकळं नाही. "बारावीतच होतो मी. सरनं फळ्यावर चित्रं काढली. पाच. पयलं बंदर, हात टेकून चाललेलं. मंग जरा उठलेलं. तिसरं असं वाकून, हात गुडघ्यापर्यंत लोंबते. चौथं अजून सरळ. पाचवा माणूस. सरनं माणसाले धोतर काढलं होतं. सर चित्रं लय चांगली काढते, तुमी पायलंच असंन. मागून कोनीतरी म्हनलं, सर, तिसरा त आपला हिरामणच दिसते. अन् सारे हासले."

"आणि सर?"

"सर बी हासले." त्याच्या आवाजात राग नव्हता. "दिसतच होतं तसं, त काहून नाई हासन?" त्यानं दोन्ही हात पुढे धरले. खरंच लांब होते, मनगटं रुंद. "मॅडम, जाळं फेकून फेकून हात लांब होते का?"

"नाही. तसं होत नाही."

"मंग जलमाचेच असन."

मग म्हणाला, दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो होतो. पण तोवर बाहेरच्या पोरांनाही ते समजलं होतं. रस्त्यानं, बस थांब्यावर, तलावावर, तिसऱ्या, तिसऱ्या. परीक्षा जवळ आली होती. फॉर्म भरलेला होता. तो गेला नाही. बापाबरोबर पाण्यात उतरला तो उतरलाच.

तलावावर बगळे परतत होते. कोणीतरी दूरवर डोंगा काठाला लावत होतं, वल्ह्याचा आवाज पाण्यावरून येत होता. हिरामणनं जाळं बाजूला ठेवलं.

"मॅडम, खरं सांगा. तसंच रायते का ते? एक मांगं, एक पुढं, अशी लाइन?"

"नाही," मी म्हटलं. "रांग नाहीच मुळी. झाडासारखं आहे. एका बुंध्याला फांद्या फुटत जातात. आज जेवढे जिवंत आहेत ते सगळे फांद्यांच्या टोकाला आहेत. माणूस पण, बंदर पण."

"मंग पुस्तकात लाइन काहून देते?"

"काढायला सोपी पडते."

"सोपी पडते," तो म्हणाला. त्यानं जाळं पुन्हा पायाशी ओढलं. मग म्हणाला, "पाठवतो तिले उद्या. पन ते चित्र तेवढं काढू नका."

"दादा, पेपरात आलं त?" छाया दारातून बोलली. तिचा आवाज मी एवढा स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला. "पेपरात आलं त काय लिवू मी? मले हासते त हासू दे. मले भंडाऱ्याले नर्सिंगले जायचं हाय. मले मार्क पायजे."

त्यांच्या आईनं आतून कंदील आणला आणि मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. मी हिरामणच्या घरी गेले होते, एवढंच म्हटलं. ते हातातला चंबू पुसत राहिले.

"मुलं हसतात, मॅडम. ती मुलंच आहेत," ते म्हणाले. "पण मी हसलो. मला ते आठवतं. तोंडावर हात पण नेला नाही मी. तिथे उभा राहून हसलो. तो बसला होता ना, त्या तिकडच्या बाकावर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मुलांकडे नाही, माझ्याकडे." चंबू त्यांनी कपाटात ठेवला. "घरी गेलो होतो नंतर. बापानं बसवलं, चहा पाजला. पोरगा घरात असून बाहेर आला नाही. पुन्हा गेलो, तेव्हा पाण्यावर होता. तेव्हापासून तो चॅप्टर माझ्यानं होत नाही."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. चाळिशी ओलांडल्यावर ती आली, पण तेव्हा मी बाविशीची होते आणि माझा संताप झाला. पश्चात्ताप करणारा माणूस आणि काम टाळणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात, असं मला वाटलं. मी म्हटलं, "सर, मुलं गाइडातून करतात. गाइडात तीच रांग आहे. ती चूक आहे हे त्यांना कोण सांगणार?"

मी दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "उद्या तुम्ही घ्या. मी मागे बसतो."

त्या तासाचं मला जे आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. बाहेर रस्त्यावर लाखोळीच्या पेंढ्यांच्या बैलगाड्या जात होत्या. उन्हाचा एक पट्टा फळ्याच्या कोपऱ्यावर पडला होता आणि तो हळूहळू सरकत होता. सर शेवटच्या बाकावर, मुलांत बसावं तसे बसले होते, गुडघे बाकात मावत नसल्यानं एका अंगाला वळून. छाया आली होती. मी फळ्यावर एक बुंधा काढला, त्याला फांद्या काढल्या. मला सरांसारखं चित्र येत नाही. ते झाडापेक्षा वाळलेल्या तुऱ्हाटीसारखं दिसत होतं. एका टोकाला मासा लिहिलं, एकाला बेडूक, एकाला बंदर, एकाला माणूस.

"मग सगळ्यात पुढं कोण, मॅडम?" प्रकाशनं विचारलं.

"पुढे कोणी नाही. सगळी टोकं आजची आहेत."

"पन मासा त मासाच राह्यला ना? आपन माणूस झालो."

"तलावातला मागूर घे. चिखलात, बिनपाण्याचा, किती वेळ जगतो? तो हवेतूनही श्वास घेतो. तुला जमेल चिखलात राहायला? तो पण तेवढ्याच लांबून आलाय, जेवढा तू आलास. त्याची वाट वेगळी."

प्रकाशला पटलं नव्हतं. तो फळ्याकडे बघत होता, सगळा वर्गच बघत होता, आणि मला कळत होतं की मुलं हे लिहून घेतील, पाठ करतील आणि आत कुठेही न पोचता ते निघून जाईल. तेव्हा खिडकीजवळून छाया बोलली. उभी न राहता, स्वतःशी बोलावं तसं.

"म्हंजे बंदर आपला आजा नाई. चुलत होय."

मी वळले. "पुन्हा सांग."

आता ती उभी राहिली. "आजा वेगळाच होता, तो मेला. त्याचे इकडून आपन, तिकडून बंदर. म्हंजे चुलतच झाले ना? अन् मासा अजून लांबचा चुलत."

वर्ग हसला. पण हे हसू निराळं होतं. गणित सुटल्यावर हसतात तसं. गावात जो तो कोणाचा ना कोणाचा चुलत. कोणता चुलत जवळचा आणि कोणता लांबचा, कोणत्या आज्यापाशी दोन घरं वेगळी झाली, हे त्या मुलांना झोपेतही सांगता आलं असतं. भराभर हात वर व्हायला लागले. बेडूक कितवा चुलत? पाखरू? साप? आणि मोह? कोणीतरी ओरडलं, "मोहाचं झाड बी, मॅडम?" मी म्हटलं, हो, तो फारच लांबचा. पुस्तकातल्या कोणत्याही व्याख्येनं जे झालं नव्हतं ते त्या एका शब्दानं झालं.

"मॅडम," प्रकाशनं शेवटी विचारलं, "पेपरात लाइनचंच चित्र मागितलं त?"

"झाड काढा. प्रत्येक टोकाला नाव लिहा. समजदार तपासनीस मार्क देईल."

"अन् नाई देल्ले त?"

"तर तेवढे जातील."

मी छायाकडे पाहिलं नाही, मुद्दामच. पण तिचंच उत्तर आलं. "जाऊ द्या."

मागे बाक वाजला. सर उठले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे सगळ्यांना दिसलं आणि वर्ग चूप झाला. ते फळ्यापर्यंत आले नाहीत. बाकाच्या कडेला हात धरून म्हणाले, "याच फळ्यावर मी एकदा पाच चित्रं काढली होती. ती चूक होती. त्यावर हसलो, तेही चूक होतं. हिरामण माझा चांगला विद्यार्थी होता." एवढं बोलून ते गेले. दाराबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला. मुलांपैकी कोणी हसलं नाही. छायानं वही उघडून झाड उतरवायला घेतलं.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. मुलं सकाळच्या एस.टी.नं जात, दुपारी घामानं निथळत परतत. जीवशास्त्राच्या दिवशी मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. मानवाच्या उत्क्रांतीवर प्रश्न आला होता. छायानं झाड काढलं होतं. त्यावर किती मार्क मिळाले हे कोणालाच कधी कळणार नव्हतं, बोर्ड एकेका प्रश्नाचे मार्क सांगत नसे. ती पास झाली, चांगल्यापैकी. नर्सिंगला लागली. प्रकाश भौतिकशास्त्रात राहिला, पुन्हा बसला, मग राइस मिलमध्ये लागला आणि पुढे त्यानं स्वतःची काढली. आमची बदली पावसाळ्यातच झाली. त्या गावात मी एकूण एक हंगामच काढला, धान कापल्यापासून पुढचं धान पेरेपर्यंत.

मध्ये बऱ्याच वर्षांनी छाया मला भंडाऱ्याच्या बस स्टँडवर भेटली. पांढऱ्या साडीवर स्वेटर, केसांत पांढरी छटा. आम्ही चहा घेतला. मी हिरामणबद्दल विचारलं. ती म्हणाली, "दादाले अजून तिसऱ्याच म्हनतात, मॅडम. पन आता कोनाले मालूम नाई काहून म्हनतात ते. नवीन पोरांले वाटते, तिसरं लेकरू असन आमच्या घरचं." तिच्या बोलण्यात खंत होती की सुटका, मला सांगता येणार नाही. त्या धड्यातच एक परिच्छेद असतो, अवशेषांगांचा: शरीरात राहून गेलेले, काम संपलेले भाग. नावंही तशी राहून जातात असं मला वाटलं. मग बस आली आणि ती गेली.

हे सगळं मी आज कसल्या भावनेनं सांगते आहे, मला नीट सांगता येत नाही. कापगते सर आता नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षीपासून तो धडा घेतला असं ऐकलं, पण ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते वेगळं, आणि ते निकाल लागायच्या आधीचं आहे.

एप्रिलमधली संध्याकाळ होती. सर आमच्या दाराशी आले, कधी येत नसत. म्हणाले, मॅडम, तलावाकडे जायचं आहे, सोबत याल का? वाटेत त्यांनी सांगितलं, बाहेरून बारावीला बसता येतं, हिरामणनं बसावं, विषय मी तयार करून घेईन. पाळीवरच्या चिंचेखाली एक डोंगा उलटा घातला होता आणि हिरामण त्याच्या भेगांत डांबर भरत होता. सरांना बघून तो उठला आणि हात पाठीमागे नेले. डांबरानं भरले होते म्हणून असेल.

सरांनी सगळं सांगितलं. घाईघाईनं, विद्यार्थ्यानं उत्तर म्हणावं तसं. हिरामणनं पूर्ण ऐकून घेतलं.

"आता कायले, सर?" तो म्हणाला. "लेकरूबाकरू होईन आता माझं. परीक्षा नाई देत मी."

सरांनी मान हलवली. त्यांना हेच अपेक्षित असावं. जायला वळले.

"पन सर," हिरामण म्हणाला, "त्या दिवशी तास अर्धाच राह्यला होता. घंटी व्हायच्या आधीच मी उठून गेलो होतो. तेवढा पुरा करून द्या."

सर उभेच राहिले. छाया पाण्यावरून घागर घेऊन येत होती, तीही थांबली. मग सरांनी खिशात हात घातला. खडूचा एक तुकडा निघाला, पांढरा. डोंग्याचं आदल्या दिवशी डांबर फासलेलं बूड वाळून काळं कुळकुळीत झालं होतं. त्यांनी त्यावर हात फिरवून धूळ झटकली आणि खालून वर एक बुंधा काढला. मग फांद्या. माझ्यासारख्या तुऱ्हाट्या नव्हेत. एकेक फांदी जशी खरंच वाढावी तशी. काढता काढता ते बोलू लागले, वर्गात बोलत तसे, आधी बोलीत आणि मग एकेक इंग्रजी शब्द हातात ठेवत. हिरामण खाली मातीत मांडी घालून बसला होता. हात मांडीवर, डांबराचे तसेच.

फांद्या वरपर्यंत गेल्या. सर टोकाशी नावं लिहायला लागले. तेव्हा हिरामणनं एक बोट वर केलं.

"सर, एक डाऊट हाय."

सर वळले. "विचार," म्हणाले.